आधी लाकूड उचला

बाईंना खुर्चीचं वावडं होतं. त्या ऑफिसात आल्या की आमचे चिटणीस स्वतः उठून खुर्ची पुढे ओढायचे, आणि बाई ती तितक्याच अदबीनं पुन्हा भिंतीला लावून ठेवायच्या. मग उभ्या उभ्या खोलीभर नजर फिरवायच्या आणि ज्या वस्तूवरून वाद चालला असेल नेमक्या त्याच वस्तूवर जाऊन बसायच्या. वाद फायलीचा असला तर फायलीवर. टेबलफॅन कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा यावरून भांडण असलं तर पंखा मांडीत घेऊन त्याच्या स्टुलावर.

"खुर्चीवरल्या मानसाला कुनी पन म्हनतं, जरा उठता का," त्या सांगायच्या. "सामानावर बसलेल्या बाईला कसं उठवायचं, याचा इचार करावा लागतो."

त्या मला भेटल्या त्या ऐंशी सालानंतर, भिवंडीत. सॉ मिल आणि लाकडाच्या वखारींत राबणाऱ्या माणसांची एक छोटीशी युनियन होती, तिथं मी कारकून म्हणून लागले होते. मंडईमागच्या गल्लीत खाली लूमचा कारखाना, वर आमची एक खोली. लूमच्या खडखडाटामुळे आम्ही सगळे एकमेकांशी ओरडून बोलायचो. शुक्रवारी वीज बंद, लूम बंद, तरीही आम्ही ओरडूनच बोलायचो. चिटणीस तर शुक्रवारी मला "टाचणी द्या" म्हणाले तरी समोरचा पानवाला वर बघायचा.

बाईंचं युनियनमधलं पद 'महिला प्रतिनिधी'. ते खास त्यांच्यासाठी काढलं होतं आणि त्या पदावरच्या माणसानं काय करायचं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं, बाईंनाही नाही. साठीच्या आसपासचं वय, काटक बांधा, गुडघ्यापर्यंत चापून नेसलेलं लुगडं, मिश्रीनं काळे झालेले दात. कुठंही बसण्याआधी त्यांचा एक विधी असे. लुगड्याचा पदर पूर्ण गोळा करायचा, कमरेला घट्ट खोचायचा, मागे वळून खाली नीट बघायचं, आणि मगच बसायचं. कार्यकारिणीच्या सभेत बाईंनी पदर खोचायला सुरुवात केली की चिटणीस बोलता बोलता थांबत आणि हताशपणे म्हणत, "झालं. बाईंनी पदर खोचला." आम्हाला सगळ्यांना वाटे, ही लढाईची तयारी.

मलाही त्या नेहमी सांगायच्या, "पोरी, आधी कापड आवरायचं, मग बसायचं." मी साडीबद्दलचा एक वडीलधारा सल्ला समजून मान डोलवायची आणि विसरून जायची.

एकदा वज्रेश्वरीची शेवटची एसटी भिवंडी स्टँडवर उभी होती. ड्रायव्हर आला नाही, गाडी रद्द, असं कंडक्टरनं जाहीर केलं. उतारू कुरकुरत पांगायला लागले. बाईंनी पदर खोचला आणि त्या गाडीच्या दाराच्या पायरीवर बसल्या. कंडक्टर म्हणाला, "आजी, गाडी जाणार नाही." बाई म्हणाल्या, "नको जाऊंदे. मी पन जात न्हाय." आता त्याला गाडी डेपोत लावायची तर दार लावता येईना. स्टँडमास्तर आले, त्यांनाही उलगडेना. शेवटी कुठल्याशा दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर जेवून येत होता, त्याला सगळ्यांनी मिळून हात जोडले आणि गाडी सुटली. बाईंना वज्रेश्वरीला जायचंच नव्हतं. त्या माझ्या सोबतीला स्टँडवर आल्या होत्या आणि मला तरी कुठं जायचं होतं, आम्ही दोघी पावती पुस्तकं पार्सलनं पाठवायला गेलो होतो.

चिटणिसांच्या स्कूटरवर त्या इतक्यांदा बसल्या होत्या की ते स्कूटर आता ऑफिसपासून दोन गल्ल्या लांब उभी करत. सभा अर्धवट टाकून निघायची चिटणिसांना सवय होती, आणि बंद स्कूटरवर पाय सोडून बसलेली बाई दिसली की बिचारे मुकाट्यानं जिना चढून परत येत.

पण मी त्यांची खरी गिऱ्हाईक झाले ती माझ्या घरी. माझे वडील शाळामास्तर. आमच्या घराण्यात कारकुनी नवी नव्हती, पण लाकूडवाल्यांच्या युनियनमध्ये मुलीनं कारकुनी करायची, मोर्चाच्या दिवशी गेटवर उभं राहायचं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. एके दिवशी त्यांनी निर्णय दिला, उद्यापासून जायचं नाही. मी रडले, आईनं समजूत काढली, विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेले नाही म्हणून बाई चौकशीला आल्या. हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी. वडील शाळेत निघालेले, पायात चपला, हातात छत्री. बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, शेंगा आईच्या हातात दिल्या, पदर खोचला आणि उंबरठ्यावर बसल्या.

आई शेंगा हातात घेऊनच पुढे धावली. "अहो, उंबऱ्यावर बसू नये."

"कुनी तरी बसाया पायजे," बाई म्हणाल्या. "म्हंजे आतलं भायेर जात न्हाय, भायेरचं आत येत न्हाय, आनि बोलावंच लागतं."

"आत या, बाई. पाटावर बसा," वडील म्हणाले. "मला शाळेत जायचंय."

"जा की. पोरीला पन जायचंय. दोघं एकदमच जा."

वडील तत्त्वाचे पक्के होते, पण बसलेल्या बाईला ओलांडून जाणं त्यांच्या तत्त्वात बसेना. मागचं दार नव्हतं. शाळेची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू यायची, आणि ती झाली. वडिलांनी आयुष्यात कधी उशीर केला नव्हता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "जा बाई, जा. चप्पल घाल." आम्ही दोघं एकदमच बाहेर पडलो. कोपऱ्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "या रोज येणार आहेत का?"

बाईंच्या या बसण्यामागे एक जुनी गोष्ट होती आणि ती आमच्या युनियनमध्ये प्रत्येकाला पाठ होती. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. बाई तेव्हा वाड्याच्या पुढच्या जंगलात कूपावर होत्या. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. पुरुष झाड पाडत, बायका फांद्या छाटत, साल सोलत, ओंडके ओढत. पण काम लागायचं ते जोडीला, आणि जोडीचं नाव म्हणजे नवऱ्याचं नाव. नवरा तापानं पडला की बाईचंही काम गेलं, कारण हजेरीपटावर ती नव्हतीच. त्या काळातल्या युनियननं मागणी केली की बाईचं नाव वेगळं लावा. ठेकेदारानं दाद दिली नाही. मग एके दिवशी ट्रक भरायच्या वेळी बायका ओंडक्यांवर जाऊन बसल्या. जंगलखात्याचे शिपाई आले, बंदुकीसकट. बायकांची पांगापांग झाली. एकटी एक पोरसवदा बाई मात्र जागची हलली नाही. तिला पाहून बाकीच्या लाजल्या, एकेक करून परत आल्या आणि पुन्हा बसल्या. संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस नमला. बायकांची नावं वेगळी लावतो, आता उठा, म्हणाला. सगळ्या उठल्या. ती पोरगी तेव्हाही उठली नाही. ती म्हणाली, "आधी लाकूड उचला, मग उठते."

दर एक मेच्या सभेत चिटणीस ही गोष्ट सांगत. शेवटच्या वाक्याशी आले की त्यांचा आवाज भरून येई. "बंधूंनो, भगिनींनो, काय अर्थ आहे या शब्दांचा? आधी श्रमिकाच्या छातीवरचं ओझं उचला! नुसत्या शब्दावर आम्ही उठणार नाही! एका अक्षरशत्रू मुलीनं केवढा मोठा सिद्धांत सांगितला!" टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. सगळे बाईंना शोधायचे आणि बाई जाग्यावर नसायच्या. त्या चहाचं बघायला मागे गेलेल्या असायच्या. दर वर्षी, नेमक्या त्याच वाक्याला. मला त्यांच्या विनयाचं फार कौतुक वाटायचं.

ऐंशीचं दशक संपत आलं आणि टेमघरकडची एक मोठी सॉ मिल वडप्याला हलवायचं शेठनं ठरवलं. हायवेला जागा मोठी, ट्रक दारात उभे राहणार, गावातल्या गर्दीतून ओंडके आणायचा त्रास नाही. पुरुष कामगारांना तिकडे न्यायला गाडी मिळणार होती. बायकांचं काय, असं विचारल्यावर मुनीम म्हणाला, "बायका आपल्याकडे कामाला आहेतच कुठं? त्या आपापल्या नवऱ्याबरोबर येतात."

खरंच होतं ते. साल सोलायची, भुसा उचलायचा, फळ्या रचायच्या ही कामं बायका करायच्या, पण जंगलातली जोडी जशीच्या तशी मिलमध्ये उतरली होती. मिलमध्ये काशी नावाची एक बाई होती. तिचा नवरा हिवाळ्यात वारला. ती तेराव्यानंतर कामावर आली, साल सोलायला बसली, आणि कुणी काही बोललं नाही, कारण साल सोलून हवीच होती. ती तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावावर काम करत होती. आता वडप्याला जायचं म्हटल्यावर मुनिमानं ते नाव खोडलं. त्याबरोबर काशीही खोडली गेली. तिच्या पदरात दोन लहान मुली होत्या आणि दुसरं काम तिला येत नव्हतं.

सभेत चिटणीस म्हणाले, आपण एक सविस्तर निवेदन देऊ. ते निवेदनाचा मसुदा बोलत असताना बाईंनी पदर खोचला.

मिल हलवायचा दिवस शुक्रवार होता. गेटसमोर शेवटचे ओंडके भरायचे राहिले होते आणि वाट अरुंद, ते हलल्याशिवाय आतला मशिनचा ट्रक बाहेर निघणार नव्हता. सकाळीच बायका त्या ओंडक्यांवर जाऊन बसल्या. बाईंनी मला आपल्या शेजारी बसवलं. "ऑफिसची बाई बसली म्हंजे बायांना वाटतं, कायदा आपल्या बाजूला हाय," त्या म्हणाल्या. चिटणीस लेबर ऑफिसरला आणायला ठाण्याला गेले होते. जाताना त्यांनी मला सांगितलं होतं की पेपरवाले येतील, फोटो काढतील, म्हणून मी आईनं घेतलेली नवी कोरी साडी नेसून आले होते. आणि कापड आवरायचं, अर्थातच, विसरले होते.

दुपार झाली. पेपरवाले आले नाहीत, चिटणीस आले नाहीत, पोलिसांची गाडी मात्र आली. लूम बंद असल्यामुळे सगळीकडे शांतता होती, बुटांचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. हवालदार रांगेवरून नजर फिरवत माझ्यापाशी थांबला.

"अहो, तुम्ही मास्तरांची मुलगी ना? मी तुमच्या वडिलांच्या हाताखाली शिकलोय. तुम्ही इथं कुठं?"

मी मान हलवली. संध्याकाळपर्यंत घरी कळणार, नोकरी जाणार, आणि या वेळी कुठलाही उंबरठा मला वाचवणार नाही. पलीकडे दोघीतिघी बायका चुळबुळत उठायच्या बेतात होत्या. काशी माझ्याकडेच बघत होती. "ताई, कायदा आपल्याकडे हाय ना?" तिनं विचारलं. मला कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला फक्त तिथून निघून जायचं होतं.

"बाई," मी हळूच म्हणाले, "मी जरा पाणी पिऊन येते."

बाईंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. त्या फक्त माझ्याकडे सरकून, अगदी खेटून बसल्या. मग समोर बघत, ओठ न हलवता बोलावं तसं बोलू लागल्या.

"चिटनीस सांगतो ना कूपावरली गोष्ट? आरधी खरी हाय."

"म्हणजे?"

"शिपाई आले तवा सगळ्यांच्या आधी मीच पळनार व्हते. उठाया गेले, तं उठताच येईना. वरला ओंडका सरकलेला, त्याच्यात माजा पदर आडकला व्हता. वढला, निघंना. बाया तं गेल्या पळून. मी तितंच."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग फाडायचा ना पदर!"

"लगनातलं लुगडं व्हतं, पोरी! सासूनं घेतलेलं. फाडून घरी गेले असते तं तिनं घरात घेतलं असतं? बंदुकीवाला परवडला, सासू न्हाय परवडत. बसून ऱ्हायले. मना वाटलं, आता ह्या येतील, सोडवतील. त्या आल्या नि बसल्याच. माज्याकडं बघून रडत काय व्हत्या, शपथा काय घेत व्हत्या. मंग मी कशी सांगू, बायांनो, मी आडकलेली हाय म्हनून?"

"आणि ते? आधी लाकूड उचला, मग उठते?"

"मंग? लाकूड उचलल्याबिगर उठनार कशी?"

आधी मला कळलंच नाही. मग चिटणीस डोळ्यांपुढे आले, त्यांचा भरून आलेला आवाज, श्रमिकाच्या छातीवरचं ओझं, टाळ्या, आणि मागे चहाच्या किटल्यांशी लपलेल्या बाई. पोलिसांच्या गाडीसमोर, काशीच्या शेजारी, नव्या साडीत बसून मी हात तोंडावर धरून हसायला लागले. माझं हसू थांबेना. इतकी वर्षं मला वाटत होतं की बाईंसारखं बसायला छाती लागते आणि ती माझ्याकडे नाही. आता कळलं, त्यांच्याकडेही नव्हती.

ऑफिसची बाई पोलिसांसमोर हसते आहे म्हटल्यावर उठायला निघालेल्या बायका पुन्हा टेकल्या. काशीला वाटलं असणार, कायदा नक्कीच आपल्याकडे आहे. हवालदारालाही काय वाटलं कोण जाणे, तो गाडीच्या सावलीत जाऊन बिडी ओढायला लागला.

थोड्या वेळानं शेठ स्वतः बाहेर आले. बाईंना म्हणाले, "बाई, क्यूँ तकलीफ़ देती हो? उठो, अंदर बैठके बात करते हैं."

"मैं तो बैठीच हूँ," बाई म्हणाल्या. "तुमच बैठो."

शेठनं ट्रककडे पाहिलं, घड्याळ पाहिलं, बायकांची रांग पाहिली. माणूस व्यवहारी होता. पांढऱ्या लेंग्याचा विचार न करता समोरच्या ओंडक्यावर बसला आणि मराठीत म्हणाला, "बोला, काय पाहिजे?"

बाईंनी फार काही मागितलं नाही. बायकाही त्याच गाडीनं वडप्याला येतील आणि प्रत्येकीचं नाव वेगळं लागेल, एवढंच. शेठनं जरा वेळ मान हलवली, जरा वेळ कपाळ चोळलं आणि मुनिमाला हाक मारली. मुनीम तिथंच उभ्यानं नावं लिहून घ्यायला लागला. काशीची पाळी आली. तिनं इतक्या हळू आवाजात नाव सांगितलं की मला शेजारी असून ऐकू आलं नाही. मुनिमानं सवयीनं विचारलं, "नवऱ्याचं?"

"ती हाय ना समोर?" बाई म्हणाल्या. "तिचंच घे."

काशीनं पुन्हा, मोठ्यानं नाव सांगितलं. त्या बंद लूमच्या शांततेत ते पार रस्त्यापर्यंत गेलं. माझे डोळे भरून आले. मला इतकं हलकं वाटत होतं की घरी जाऊन वडिलांना मीच सगळं सांगेन असं मी तिथं बसल्या बसल्या ठरवून टाकलं. (सांगितलंही. ते छत्री खुंटीला अडकवत म्हणाले, "बरं केलंत. त्या बाई बरोबर होत्या ना?") चिटणीस लेबर ऑफिसरला घेऊन पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं, तरी त्यांनी भाषण केलंच.

ही खरी गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. पुढे बाई वज्रेश्वरीला भाचीकडे राहायला गेल्या. नव्वदनंतर मी कधीमधी एसटीनं त्यांना भेटायला जायची. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून त्या बसलेल्या असायच्या, पदर खोचून. एकदा मी विचारलं, सांगू का आता लोकांना? त्यांनी विचार केला. "सासू गेली. चिटनीस पन आता भाषन करत न्हाय. सांग," म्हणाल्या. "पन काशीच्या दिवसाचं पन सांग. नुसतं माजंच नको."

तर काशीच्या दिवसाचं एवढं राहिलं. नावं लिहून झाली, शेठ लेंगा झाडत उठले. ती जुनी गोष्ट त्यांनाही ठाऊक होती. हसून म्हणाले, "काय बाई, आता उठता, की आधी लाकूड उचलू?" बायका हसत हसत उठल्या. मीही उठले, आणि खांद्याला असा हिसका बसला की पुन्हा खाली बसले. मी वळून पाहिलं. माझ्या साडीचा पदर, चांगला हातभर, बाईंच्या खाली होता.

"बाई, माझा पदर."

"हां."

"कधीपासून?"

"तू पानी प्यायला निघालीस तवापासून."

"आणि मी ओढून निघून गेले असते तर?"

बाईंनी साडीचा काठ दोन बोटांत धरून पाहिला. "नवी हाय. आयनं घेतलेली दिसतंय," त्या म्हणाल्या. "तू फाडनार न्हाईस, मना ठाव व्हतं."

मग त्यांनी आपला हात पुढे केला, मी तो धरला, आणि आम्ही दोघी एकदमच उठलो.